खोटी चिठ्ठी, खरा पिंगळा

दिवाळीची झाडलोट म्हटली की मला आमच्या आजोबांचा पत्र्याचा डबा आठवतो. त्यात तांब्याच्या शिवराया होत्या. प्रत्येक नाणे निराळ्या पुरचुंडीत आणि प्रत्येक पुरचुंडीत एक चिठ्ठी. कुठले नाणे कोणाच्या शेतात नांगरताना निघाले, कुठले कोणत्या बाजारात मिळाले, हे त्यांनी बोरूने लिहून ठेवले होते. एका वर्षी आजोबांना खूश करावे म्हणून मी त्या साऱ्या शिवराया चिंच लावून लख्ख घासल्या, एकत्र डब्यात भरल्या आणि चिठ्ठ्या बंबात घातल्या. आजोबा रागावले नाहीत. नाणी हातात घोळवीत एवढेच म्हणाले, "नाणी राहिली रे, पण त्यांची गावं गेली."

या बोलण्याचा पुरता अर्थ कळायला मला फार वर्षे लागली. आणि तो शिकवला एका पिंगळ्याने!

मागे एकदा भाचीला घेऊन मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो होतो. पक्ष्यांच्या दालनात ती नाक मुरडून म्हणाली, "मामा, ही मेलेली पाखरं ठेवायची कशाला? जिवंत पाखरं झाडावर आहेतच की!" तेव्हा तिथल्याच बाकावर बसून तिला ही हकीगत सांगितली. तीच आज वाचकांना सांगतो.

१८७२ साली ब्लुइट नावाच्या इंग्रजाला आजच्या छत्तीसगडातील फुलझर भागात एक बुटके घुबड मिळाले. नेहमीच्या पिंगळ्यासारखे दिसणारे, पण डोक्यावर ठिपके जवळजवळ नसलेले. दुसऱ्या वर्षी ॲलन ह्यूमने ही निराळी जात असल्याचे प्रसिद्ध केले आणि तिला ब्लुइटचे नाव दिले. हा ह्यूम म्हणजे १८८५ साली काँग्रेस स्थापन करणाऱ्यांतला एक, तोच! पक्ष्यांचे त्याला विलक्षण वेड. पुढे त्याच्या पक्षिविषयक लिखाणाची बाडे नोकराने रद्दीत विकली. ह्यूमचे मन विटले आणि साठ हजारांहून अधिक पक्ष्यांचा आपला संग्रह त्याने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. लिहिलेले गेले, पण पक्ष्यांच्या पायांना बांधलेल्या, ठिकाण आणि तारीख सांगणाऱ्या चिठ्ठ्या राहिल्या.

या घुबडाला आपण रानपिंगळा म्हणतो. जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याला तो आपल्या पश्चिम खानदेशात, शहाद्याच्या बाजूला मिळाला. १८७२ ते १८८४ एवढ्या काळात जगातल्या संग्रहालयांत जमा झाले ते अवघे सात नमुने. त्यानंतर सारे शांत. अपवाद एकाच नमुन्याचा. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या प्रख्यात लष्करी अधिकाऱ्याने आपण १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ हा पक्षी मिळवल्याची चिठ्ठी त्याला लावली होती. पुढच्या शोधकांनी या चिठ्ठीवर विश्वास ठेवून रान धुंडाळले. पक्षी मिळेना. तो नामशेष झाला असावा, अशी बहुतेकांची समजूत होत चालली.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात पामेला रासमुसेन ही अमेरिकन विदुषी दक्षिण आशियातील पक्ष्यांवरील ग्रंथासाठी जुने नमुने तपासत होती. पक्ष्याचे कातडे सोलून त्यात कापूस भरण्याची प्रत्येकाची एक धाटणी असते. फराळाच्या ताटातल्या करंजीची मुरड पाहून घरातल्या बायका ती कोणाच्या हातची हे ओळखतात ना, तसेच. क्ष-किरणांखाली पाहता माइनर्ट्झहागेनच्या पिंगळ्याच्या पोटात डेव्हिडसनचा हात दिसला! संग्रहालयातलाच जुना नमुना चोरून, नव्याने भरून, त्याला खोटी चिठ्ठी बांधली होती. असे त्याने इतर कित्येक पक्ष्यांच्या बाबतीतही केल्याचे उघड झाले.

मौज अशी की, खोटे ठरले आणि वाट मोकळी झाली. गुजरातचे ठिकाण वगळले, तेव्हा विश्वासाच्या चिठ्ठ्या उरल्या त्या पूर्वेकडच्या रानांच्या आणि खानदेशच्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हिंदुस्थानात आले. पूर्वेकडे काही हाती लागले नाही. मग ते शहाद्याला आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी, चांगल्या उजेडात, समोर झाडावर रानपिंगळा बसलेला! ठिपके नसल्यासारखे डोके, जाड चोच, पांढरे पोट; कपाटातल्या नमुन्यांवरून पाठ केलेली एकेक खूण जुळली. ११३ वर्षांनी तो पुन्हा पुस्तकात आला. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरांच्या झोपड्यांवरून तो तोवर रोज उडतच असेल. हरवला होता तो फक्त आमच्या नोंदींतून. पुढे तोरणमाळ, मेळघाट येथे तो आढळला आणि २०१४ साली तर मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही दिसला. आजही तो संकटातच आहे, कारण त्याचे रान तुटते आहे. पण कुठले रान राखायचे, हे तरी आता आपल्याला ठाऊक आहे.

पिंगळा भविष्य सांगतो, अशी आपल्याकडे समजूत. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या मेलेल्या पिंगळ्यांनी खरोखरच जिवंत पिंगळ्याचा पत्ता सांगितला. मात्र तो सांगता आला तो प्रामाणिक हाताने लिहिलेल्या चार ओळींमुळे. नमुना जपणे हे संग्रहालयाचे निम्मेच काम. त्याची खरी हकीगत जपणे हे उरलेले निम्मे. खोट्या एका चिठ्ठीने माणसे कित्येक वर्षे भलत्या रानात फिरली, हे विसरू नये.

गेल्या दिवाळीत भाचीने आजोबांचा तो डबा माळ्यावरून काढला. शिवराया पुन्हा काळवंडल्या होत्या. तिने एकेक नाणे कागदात बांधले आणि लेखणी घेऊन विचारले, "मामा, यावर गाव कुठलं लिहू? रायगड लिहू का? छान दिसेल."

"नको," मी म्हणालो. "आजोबांच्या डब्यातलं नाणं, गाव माहीत नाही, एवढंच लिही."

तिने तसेच लिहिले. खाली तारीख घातली.