हिंगोलीच्या मोहल्ल्यांत उरलेली छावणी

हिंगोलीत ऑटोवाल्याला ‘रिसाला बाजार’ एवढं सांगितलं की पुरतं. पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावंही तशीच रोजच्या तोंडातली. पण जुने कागद शेजारी ठेवून ती वाचली, तर डोळ्यांपुढे एक छावणी उभी राहते. पलटण म्हणजे पायदळ, रिसाला म्हणजे घोडदळ. सदर बाजार ही छावणीची मुख्य पेठ. आणि पेन्शनपुरा? चाकरी संपली तरी गाव न सोडलेल्या शिपायांची ती वस्ती असणार, हे नावच सांगतं.

या छावणीतली फौज निजामाच्या पैशावर चालायची, हुकूम मात्र इंग्रज अधिकाऱ्यांचा. १८५३ च्या तहानंतर ती ‘हैदराबाद कंटिंजंट’ म्हणून ओळखली जाऊ लागली आणि तिच्या खर्चापोटी वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. हिंगोली त्या वऱ्हाडच्या वेशीवरची. एलिचपूर, जालना, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, ही याच फौजेची इतर ठाणी.

तहाच्या आधीची हिंगोली दाखवणारा एक साक्षीदार आहे : निजामाच्या फौजेतला अधिकारी फिलिप मेडोज टेलर. त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी १८३९ साली लंडनला छापली गेली. कादंबरी कल्पित, म्हणून तिला पुरावा मानता येत नाही. पण तिच्या प्रस्तावनेत तो स्वतः पाहिलेलं लिहितो, आणि ते वाचताना आजही अंगावर काटा येतो.

हिंगोलीत हरीसिंग नावाचा प्रतिष्ठित व्यापारी होता. टेलरनं स्वतः त्याच्याकडून खरेदी केली होती. मुंबईहून कापड आणायचं म्हणून या हरीसिंगानं कॅप्टन रेनॉल्ड्स या इंग्रज अधिकाऱ्याकडून रीतसर परवाना घेतला. माल खरं तर जवळच्याच एका गावच्या व्यापाऱ्याचा, आणि तो वाटेत होता. हरीसिंगानं त्या व्यापाऱ्याला नोकर-चाकरांसह ठार केलं, त्याच परवान्यावर माल हिंगोलीत आणला आणि छावणीत उघड विकला. पुढे पकडला गेल्यावर त्यानंच कबुली दिली, म्हणून हे कळलं. तो ठगांचा म्होरक्या होता. छावणीच्या बाजारातच, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, त्याच्या टोळीनं माणसं मारली आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली. माफीचे साक्षीदार शांतपणे एकेक जागा दाखवत गेले, तेव्हा टेलर तिथं उभा होता. बघणाऱ्यांनाच असह्य झालं आणि खोदणं थांबवलं गेलं.

इतिहासाच्या दृष्टीनं मला मोलाचं वाटतं ते त्यानं केलेलं जागेचं वर्णन : नदीला मिळणारा कोरडा, चरीएवढा अरुंद ओहोळ, शेजारच्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचा, आणि तो रस्ता छावणीतून बाहेर पडायच्या मुख्य वाटांपैकी एक. हिंगोलीची नदी कयाधू. म्हणजे छावणीच्या कडेची जमीन कयाधूकडे उतरत होती आणि तिथूनच रहदारी चालायची. साक्षीदार एकच, हे खरं; पण त्यानं सांगितलेली अंतरं पावलांनी मोजता येण्याजोगी आहेत.

१९०२ च्या करारानं वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्यानं इंग्रजांकडे गेला आणि पुढच्याच वर्षी कंटिंजंट मोडली. पलटणी इंग्रजांच्या हिंदुस्थानी फौजेत विलीन झाल्या. १९०८ च्या इम्पिरियल गॅझेटियरात हिंगोलीची ओळख येते ती अशी : १९०३ पर्यंत छावणी, आणि कापसाची मोठी बाजारपेठ.

रेल्वे लष्करासाठी आली असेल असं सहज वाटतं. तारखा ते मानत नाहीत. पूर्णा–हिंगोली मीटरगेज फाटा १९१२ चा, फौज गेल्यानंतर नऊ वर्षांनी. तो कापसामुळे आला असावा, असं माझं मत आहे. उत्तरेकडे अकोल्याशी तो जोडला गेला स्वातंत्र्यानंतर, आणि पूर्णा–अकोला मार्ग ब्रॉडगेज झाला २००८ मध्ये.

छावणीच्या बराकींपेक्षा तिची नावं जास्त टिकली. पेन्शनपुऱ्यातल्या किंवा रिसाल्यातल्या कुणाच्या घरी पत्र्याच्या पेटीत पणजोबांचा पेन्शनीचा कागद असेल, फौजेतून सुटल्याचा दाखला असेल, तर तो रद्दीत घालू नका. उर्दू, मोडी, इंग्रजी, कोणत्याही लिपीत असो. त्याची एक नक्कल काढून वाचनालयात द्या.