कवचावरून कुळी : डॉ. कार्टर आणि दख्खनचे सूक्ष्म जीवाश्म



साहित्याच्या व्यासपीठावर एका होमिओपॅथी डॉक्टरने दगडांविषयी बोलावे, याचे आपल्याला थोडे नवल वाटेल. पण या विषयाचा इतिहास काढायला बसले की पहिल्या पानापासून आमचे व्यवसायबंधूच भेटतात. निजामाच्या मुलखाची पहिली भूगर्भीय पाहणी करणारे हेन्री व्हॉयझी हे त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे शल्यचिकित्सक होते. हैदराबाद-नागपूर वाटेवर, निर्मळकडच्या डोंगरांत, काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये शिंपले शोधणारे जॉन मॅल्कमसन हे मद्रास सैन्यातले डॉक्टर. आणि आजच्या व्याख्यानाचे नायक हेन्री जॉन कार्टर (१८१३-१८९५) हेही मुंबईला कंपनी सरकारच्या नोकरीत डॉक्टरच होते.

मॅल्कमसनचे शिंपले गोड्या पाण्यातले निघाले. म्हणजे लाव्हाच्या दोन पुरांमधल्या काळात इथे तळी होती. पण हे पूर आले केव्हा? तळ्यातली गोगलगाय आपल्या तळ्यापुरती. तिचा मेळ दूरदेशीच्या थरांशी घालणे कठीण. समुद्रात तरंगणारा जीव मात्र जगभर पसरतो, आणि त्याच्या जाती काळाबरोबर लवकर बदलतात. कालगणनेला असा साक्षीदार हवा. तो आहे फोरॅमिनिफेरा : एकाच पेशीचा, स्वतःभोवती कवच रचणारा सागरी जीव.

यांचे पहिले पद्धतशीर वर्गीकरण १८२६ मध्ये फ्रान्सच्या आल्सीद दॉर्बिन्यीने केले. कवचातले कप्पे एकच की अनेक, एका ओळीत की वळसे घेत, की वेणीसारखे आळीपाळीने, यावरून त्याने गट पाडले. कप्प्यांमधल्या बारीक छिद्रांवरूनच त्याने नावही दिले. वर्गीकरण सुबक होते, पण आतला प्राणी त्याने चुकीचा ठरवला. शंखासारखे वळसे पाहून तो यांना माकूळ आणि ऑक्टोपसचे भाऊबंद समजला. १८३५ मध्ये फेलिक्स द्यूजार्दाँने जिवंत नमुने पाहून दाखवले की आत ना डोके, ना अवयव. फक्त वाहता जीवद्रव्य आहे. घर ओळखले होते, घरमालक ओळखला नव्हता.

आम्हा जैनांच्या घरी आजी पाणी गाळताना सांगायची की डोळ्यांना दिसत नाहीत तेही जीवच. आमच्या शास्त्रात जीवांची वर्गवारी इंद्रियांच्या संख्येवरून होते. भूशास्त्रज्ञाला ती सोय नाही. जीव कोट्यवधी वर्षांपूर्वी गेलेला असतो आणि हाती रिकामे कवच उरते. पुढे औषधशास्त्र शिकताना कळले की आमचे कॅल्केरिया कार्ब कालवाच्या शिंपल्याच्या मधल्या थरापासून करतात. कवचाला थर असतात आणि प्रत्येक थर वेगळा असतो, हा धडा मला तिथे मिळाला.

कार्टरनी नेमके हेच पाहिले. अरबस्तानच्या किनाऱ्याची पाहणी करणाऱ्या ‘पॅलिन्युरस’ जहाजावर ते डॉक्टर होते. तिकडच्या ऑपर्क्युलिना या फोरॅमिनिफेराच्या कवचाची अंतर्रचना त्यांनी तपासली : भिंतीतली छिद्रे, नलिका, कडेने फिरणारी दोरीसारखी पट्टी. मग सिंधमधल्या चुनखडीतील नाण्यासारख्या चपट्या न्युम्युलाइट जीवाश्मांवर तोच प्रयोग केला. (इजिप्तच्या पिरॅमिडांपाशी हेच जीवाश्म पाहून, ही मजुरांच्या जेवणातली दगड झालेली मसूर, असे लोक सांगत, स्ट्रेबोने ते नोंदवले आहे.) रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात १८५३ मध्ये त्यांनी सिंधच्या मोठ्या फोरॅमिनिफेरांचे वर्णन छापले. १८६२ मध्ये विल्यम कार्पेंटर यांच्या ग्रंथाने हा विचार पक्का केला : कप्प्यांच्या मांडणीपेक्षा भिंत कशाची आहे याला महत्त्व द्या. चिनी मातीसारखी गुळगुळीत, काचेसारखी सच्छिद्र, की वाळूचे कण चिकटवून बांधलेली? आजच्या वर्गीकरणातही भिंतीला मोठा मान आहे.

पण ज्ञानाची कसोटी ‘हो’ म्हणण्याइतकीच ‘नाही’ म्हणण्यातही असते. १८६५ मध्ये कॅनडाच्या अतिप्राचीन खडकातील पट्टेदार रचनेला ‘इओझून’, म्हणजे पहाटेचा प्राणी, असे नाव मिळाले. तो आद्य फोरॅमिनिफेरा आहे, याला खुद्द कार्पेंटरांचा पाठिंबा होता. निवृत्त होऊन इंग्लंडला परतलेल्या कार्टरनी १८७४ मध्ये स्पष्ट लिहिले की फोरॅमिनिफेराच्या कवचाची रचना यात नाही. समोर त्या विषयातले सर्वात मोठे नाव होते, तरी ते बोलले. पुढे ती रचना खनिजांचीच ठरली. निदान चुकते तेव्हा बहुधा नाव आधी ठरलेले असते आणि लक्षणे मागाहून शोधलेली असतात, हे मी माझ्या दवाखान्यात माझ्याच चुकांतून शिकलो आहे.

आता आपल्या प्रश्नाकडे. सह्याद्रीकडून निघालेला लाव्हा सुमारे १००० किलोमीटर वाहत राजमहेंद्रीपर्यंत पोहोचला, असे तज्ज्ञ मानतात. तिथे त्याला समुद्राचा शेजार मिळाला. गोदावरीच्या पश्चिमेला गौरीपट्टणमच्या खाणींत दोन लाव्हाथरांच्या मध्ये चुनखडीचा थर आहे. गेर्टा केलर आणि त्यांच्या भारतीय व युरोपीय सहकाऱ्यांनी २००८ मध्ये त्यातले तरंगते फोरॅमिनिफेरा ओळखले. ते डायनोसॉर नष्ट झाल्यानंतरच्या अगदी सुरुवातीच्या काळातले होते. महासंहारातून सावरणाऱ्या समुद्रातली ती इवलीशी कवचे. म्हणजे खालचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या त्या संहाराच्या आसपासच वाहून थांबला होता. मॅल्कमसनच्या गोगलगायी जे सांगू शकल्या नाहीत, ते वाळूच्या कणाएवढ्या कवचांनी सांगितले. लाव्हाने संहार घडवला की उल्केने, हा वाद अजून मिटलेला नाही. त्याच्या तारखा मात्र या साक्षीदारांमुळे नेमक्या झाल्या.

आपण हैदराबादकर मराठी माणसे ग्रॅनाइटवर राहतो आणि आपले मूळ काळ्या पाषाणाच्या मुलखात सांगतो. विकाराबादकडे निघालो की तो काळा पाषाण भेटतो; नाशिकला उगम पावलेली गोदावरी राजमहेंद्रीला भेटते. यापुढे पुष्कराच्या स्नानासाठी तिकडे जाल, तेव्हा खाणीतल्या त्या पांढुरक्या थराकडेही एकदा नजर टाका.