सोयाबीनचे वाण : ‘कालीतूर’ ते ‘जेएस ३३५’ आणि पुढे

शहरी घरात सोयाबीन पोचते ते तेलाच्या पिशवीतून किंवा सोयावडीच्या रूपाने. हे पीक मूळचे चीनचे. ‘ग्लायसिन सोजा’ या वेलीसारख्या पसरणाऱ्या रानटी वनस्पतीपासून तेथील शेतकऱ्यांनी हजारो वर्षांच्या निवडीतून ते घडवले. भारतातही कुमाऊँच्या डोंगरात ‘भट’ आणि मध्य भारतात ‘कालीतूर’ या नावांनी काळ्या दाण्याचे सोयाबीन पूर्वापार थोडेफार पेरले जात असे. विदर्भ-मराठवाड्याच्या शेतीत आज सर्वत्र दिसणारे पिवळ्या दाण्याचे पीक मात्र १९६० च्या दशकानंतरचे आहे.

सोयाबीन दिवसाच्या लांबीला कमालीचे संवेदनशील असते. ‘बिलॉक्सी’ हा वाण निरनिराळ्या तारखांना पेरला तरी जवळपास एकाच सुमारास फुलतो, असे अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अ‍ॅलर्ड यांना आढळले. फुलोरा दिवस-रात्रीच्या लांबीवर ठरतो, हा त्यांचा निष्कर्ष १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. थंड प्रदेशातील उत्तम वाण विषुववृत्ताकडे नेला, तर रोप पुरते वाढण्याआधीच फुलते आणि उत्पादन घटते, त्याचे कारण हेच. ब्राझीलने लहान दिवसांतही उशिरा फुलणारे वाण तयार केले, तेव्हाच तेथील उष्ण पठारांवर हे पीक स्थिरावले.

पैदासकाराचे काम चिमट्याने चालते. सोयाबीनचे फूल अगदी लहान असते आणि पूर्ण उमलण्यापूर्वीच त्यात स्वपरागीभवन होऊन जाते. त्यामुळे कळीतील पुंकेसर काढून दुसऱ्या वाणाचे परागकण लावावे लागतात, आणि अशा कष्टाच्या संकरातूनही मोजकेच दाणे हाती लागतात. त्यापुढे अनेक पिढ्यांची निवड असते. या कामाला कच्चा माल हवा, म्हणून अमेरिकेच्या डॉर्सेट आणि मोर्स यांनी १९२९ ते १९३१ या काळात चीन, जपान व कोरियात फिरून सुमारे ४,५०० नमुने गोळा केले. असे संग्रह निरुपयोगी अडगळ वाटू शकतात; पण १९५४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात मुळांवरील सूत्रकृमीचा प्रादुर्भाव आढळला, तेव्हा ‘पेकिंग’ या काळ्या दाण्याच्या जुन्या वाणातील प्रतिकारशक्तीच उपयोगी पडली.

भारतात जबलपूर आणि पंतनगर येथील कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने ‘ब्रॅग’सारखे पिवळे वाण तपासले. १९६७ मध्ये अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू झाला आणि १९८७ मध्ये इंदूरला राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. आयात वाण चांगले उत्पादन देत, पण दोन गोष्टींत अडत. एक, टपोऱ्या पिवळ्या दाण्याची साल पातळ असल्याने मळणीत तो दुखावतो आणि उन्हाळ्याच्या साठवणुकीत त्याची उगवणशक्ती खालावते. कालीतूरचा लहान, काळा दाणा याबाबत कितीतरी सरस. दुसरी अडचण पांढऱ्या माशीमार्फत पसरणाऱ्या पिवळ्या मोझॅकची. त्यावर पंतनगरने ‘पीके ४१६’सारखे प्रतिकारक वाण दिले.

मध्य भारतातील शेतकऱ्याची गरज मात्र निराळी होती. काळ्या जमिनी खरिपात पडीक ठेवून रब्बीत गहू-हरभरा घेण्याची तेथे रीत होती. सोयाबीन या रिकाम्या जागेत बसवायचे, तर ते रब्बीच्या पेरणीपूर्वी शेतातून निघायला हवे. जबलपूरच्या पैदासकारांनी ‘जेएस ७८-७७’ आणि ‘जेएस ७१-०५’ यांच्या संकरातून निवडलेला ‘जेएस ३३५’ नेमका तसा होता. १९९४ मध्ये प्रसारित झालेला हा वाण ९५ ते १०० दिवसांत तयार होतो आणि त्याच्या शेंगा सहसा तडकत नाहीत. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रात त्याचा प्रसार इतक्या वेगाने झाला, की अनेक ठिकाणी सोयाबीन म्हणजे ‘जेएस ३३५’ असेच समीकरण झाले.

हे यशच पुढे अडचणीचे ठरले. लाखो हेक्टरवर एकच वाण उभा असला, की त्याची प्रत्येक दुर्बलता लाखो हेक्टरची होते. पिवळा मोझॅक ‘जेएस ३३५’वर सहज येतो. ‘जेएस २०-२९’ या वाणात त्याचा प्रतिकार आणण्यात आला. पाऊस लवकर उघडणाऱ्या भागांसाठी नव्वद दिवसांच्या आत तयार होणारा ‘जेएस ९५-६०’ आला. महाराष्ट्रात परभणीच्या विद्यापीठाचे ‘एमएयूएस ७१’ आणि ‘एमएयूएस १५८’, तर राहुरी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज केंद्राचा ‘फुले संगम’ शेतकऱ्यांनी स्वीकारले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ‘एमएसीएस १४०७’ विकसित केला. त्याची उत्पादनक्षमता हेक्टरी ३९ क्विंटल सांगितली गेली. शेंगा जमिनीपासून सुमारे ७ सेंटिमीटर वर लागत असल्याने तो यंत्राने कापता येतो. गंमत म्हणजे पुण्यात घडलेल्या या वाणाची शिफारस आसाम, पश्चिम बंगाल, झारखंड, छत्तीसगड आणि ईशान्येकडील राज्यांसाठी आहे.

एवढे वाण येऊनही देशाची सरासरी हेक्टरी दहा-बारा क्विंटलच्या आसपासच घुटमळते. अमेरिका व ब्राझीलची तीस क्विंटलहून अधिक आहे. ही तुलना पूर्णपणे न्याय्य नाही, कारण तेथील पीक शेतात अधिक दिवस उभे राहते. इथले बहुतांश क्षेत्र पावसाच्या भरवशावर असून, लवकर पक्व होण्याची किंमत उत्पादनात मोजावी लागते. १९९६ पासून अमेरिकेत पेरल्या जाणाऱ्या जनुकीय परिवर्तित सोयाबीनला या फरकाचे श्रेय देणेही घाईचे होईल. तो गुण तणनाशक सहन करण्याचा आहे, जादा दाण्यांचा नव्हे. भारतात त्याच्या लागवडीस परवानगी नाही. नवा वाण शेतकऱ्यापर्यंत पोचायलाही वेळ लागतो. पैदासकार बियाण्यापासून पायाभूत आणि त्यापासून प्रमाणित बियाणे तयार होण्यात काही हंगाम जातात. एकरी सुमारे तीस किलो बियाणे लागत असल्याने ते गुणाकाराने वाढतेही संथपणे. तोवर बहुसंख्य शेतकरी घरचेच बियाणे राखून, जूनमध्ये गोणपाटात उगवण तपासून पेरतात.