वाडा, रूळ आणि माग

माझे आजोबा नागपूरच्या तांडापेठेत मागावर बसत. कोष्ट्याचे घर, विणण्यावाचून दुसरी विद्या नाही. ‘यंत्रानं आपल्याला खाल्लं’ हे त्यांचे वाक्य मी इतक्यांदा ऐकले होते की, महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवू लागल्यावरही मला ते सिद्धान्तच वाटे. त्या श्रद्धेला पहिला धक्का दिला तो नागपुरात वाढलेल्या एका माणसाच्या पुस्तकाने.

धनंजयराव गाडगीळ १९०१ साली नाशिकला जन्मले, पण लहानाचे मोठे झाले ते नागपुरात. हिंदुस्थानच्या औद्योगिक स्थित्यंतरावर केंब्रिजला लिहिलेला त्यांचा प्रबंध १९२४ साली पुस्तकरूपाने निघाला. लेखकाचे वय अवघे तेवीस! हस्तव्यवसाय का खालावले? देशी दरबार मावळले, परक्यांचे राज्य आले आणि यंत्राच्या मालाशी गाठ पडली, असे ते सांगतात. यंत्र आहेच; पण ते एकटे नाही.

हे वाचले आणि मी आमच्या गावाच्या सनावळ्या काढून बसलो. तिसरे रघूजी भोसले १८५३ साली वारले. पुढच्याच वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले. वाड्यावरचे हत्तीघोडेसुद्धा विकले गेले. मग पागोटी आणि रेशीमकाठी धोतरे घेणारे मानकरी कोठून उरणार? १८६७ साली आगगाडी आली, आणि तिच्या डब्यांतून विलायती कापड. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली १ जानेवारी १८७७ ला. म्हणजे दरबार बुडून बावीस-तेवीस वर्षे लोटल्यावर! आणि आजोबा ज्या सुतावर विणत ते तरी कोणते? गिरणीचेच की!

गाडगीळ पुस्तकापाशी थांबले नाहीत. १९३० पासून पुण्याची गोखले संस्था त्यांनी घडवली. पुढे विठ्ठलराव विखे पाटलांच्या जोडीने प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला. यंत्र तेच, धनी निराळा. त्यांच्या विद्वत्तेतला हा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो.

एका संध्याकाळी मी हे सारे मोठ्या उत्साहाने आजोबांना ऐकवले. हातातला धोटा थांबवून त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“दरबार काही मी पाहिला नाही, बाबू,” ते म्हणाले, “गिऱ्हाईक गिरणीचं लुगडं घेऊन जाताना मात्र पाहिलं.”

आणि खड्ड्यातल्या पावड्यांवर पाय टेकवून ते पुन्हा विणू लागले.