सुई की शलाका?

वर्ध्याहून आर्वीच्या रस्त्याने आंजीला येताना एस.टी.च्या खिडकीतून ज्या भिंती दिसतात, त्यांच्यावर पेरणीपूर्वी बियाण्यांच्या आणि पेरणीनंतर फवारणीच्या औषधांच्या जाहिराती रंगतात. तिसरी एक जाहिरात मात्र बारमाही असते. 'मर्दानी कमजोरी' एवढे दोनच शब्द आणि खाली लॉजमधल्या एखाद्या खोलीचा पत्ता. शाळेतली पोरे ते शब्द मोठ्याने वाचतात आणि मास्तर दुसरीकडे पाहतात. मीही पाहिले आहे. मुलांना व्युत्पत्ती सांगण्याची मला खोड आहे. पण हा शब्द आला की माझी व्युत्पत्ती आटते.

ह्या दुखण्यावर आज खरे उपाय आहेत. गोळी आहे, ती 1998 साली अमेरिकेत प्रथम मान्य झाली आणि पुढे आपल्याकडेही औषधाच्या दुकानात आली. पण मधुमेहाने ज्याच्या शिरा व रक्तवाहिन्या झिजल्या आहेत, ज्याचा कणा मोडला आहे, आणि म्हणून ज्याला गोळी लागू पडत नाही, किंवा हृदयविकारासाठी नायट्रेट घेत असल्यामुळे ज्याला ही गोळी वर्ज्य आहे, अशा पुरुषापुढे मुख्यतः दोन वाटा उरतात : सुई किंवा शलाका. म्हणजे दर वेळी स्वतःच्या हाताने इंद्रियात टोचून घ्यायचे औषध, नाहीतर शस्त्रक्रियेने कायमच्या आत बसवलेल्या दोन कांड्या. निवडायचे काय, ह्या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो थट्टेवारी नेण्याइतका हलका नाही.

आपले जुने वैद्य ह्या बाबतीत आपल्याहून धीट होते. चरकाने क्लैब्याचे चार प्रकार सांगितले. बीजाच्या दोषाने, ध्वजाच्या उपघाताने, वार्धक्याने आणि शुक्रक्षयाने. सुश्रुताने सहा सांगितले, आणि त्यांत मनाच्या खिन्नतेने येणारे क्लैब्य वेगळे काढले, मर्माच्या छेदाने येणारे वेगळे काढले. लाज हे रोगाचे कारण नव्हे, ती त्याच्यावरची झूल आहे, एवढे त्यांना ठाऊक होते. पुढे ह्या वर्गीकरणाचे आपण काय केले? कारणे विसरलो आणि वाजीकरणाचे पाक तेवढे लक्षात ठेवले.

विसाव्या शतकात महाराष्ट्रात हा विषय उघड बोलला तो रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि 1927 च्या जुलैपासून 'समाजस्वास्थ्य' मासिक. वाचकांनी लाजत लिहिलेल्या प्रश्नांना ते न लाजता उत्तरे देत. त्याबद्दल खटले झाले. 1934 च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि तरीही कर्व्यांना दंड झालाच. त्याच सुमारास, 1935 च्या डिसेंबरात, आमच्या वर्ध्यात मार्गारेट सँगर गांधीजींना भेटावयास आल्या होत्या. वाद संयम की साधन हा होता. ज्याला संयम करावयाचा नाही आणि ज्याचे शरीर तरीही त्याला संयमात ठेवते, तो मनुष्य त्या वादात कोठेच बसत नव्हता.

सरकारला त्याची आठवण झाली ती जाहिरातींच्या निमित्ताने. औषधे व जादूटोण्याचे उपाय ह्यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा 1954 साली आला. त्याच्या परिशिष्टात पुरुषाच्या ह्या दौर्बल्याचे नाव स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1959 च्या डिसेंबरात त्यातील एकदोन कलमांत दोष काढला, पण कायद्याचा मुख्य भाग टिकला. सत्तर वर्षे उलटली. भिंत अजून रंगलेली आहे. दुसरा कायदा 1955 चा, हिंदू विवाहाचा. पतीच्या असामर्थ्यामुळे संबंधच घडला नसेल तर विवाह रद्द करून घेता येतो. तालुक्याच्या वकिलाला हे कलम पाठ असते. नवऱ्या मुलाच्या बापाला मात्र ते नोटीस आल्यावरच कळते.

आता शलाकेकडे वळू. मोडक्या अवयवाला आतून टेकू द्यावा ही कल्पना सुताराचीच म्हणायची. 1936 साली बोगोराज नावाच्या रशियन शल्यविशारदाने अवयव नव्याने घडवताना रोग्याच्याच बरगडीची कूर्चा आत घातली. कूर्चा शरीरात विरघळते, टेकू गेला. 1952 साली अमेरिकेत गुडविन व स्कॉट ह्यांनी ॲक्रिलिकचा टेकू वापरला. मग ध्यानात आले की वस्तू कोणती ह्याइतकाच ती कोठे ठेवायची हाही प्रश्न आहे. निसर्गाने तेथे दोन लांब पोकळ्या दिल्या आहेत, स्पंजासारख्या. त्यांच्यातले स्नायू सैल पडले की रक्त भरते, आणि भरलेला स्पंज परतीच्या शिरा दाबून धरतो. पाटाला दार लावून पाणी तुंबवावे तसे. कैरोच्या बेहेरींनी 1966 साली कांड्या ह्या पोकळ्यांच्या आतच बसवल्याचे प्रसिद्ध केले. 1973 साली ब्रँटली स्कॉट (हे वरचे स्कॉट नव्हेत) व त्यांच्या सहकाऱ्यांनी पंपाने द्रव भरून फुगणाऱ्या नळ्या आणल्या. दोनच वर्षांनी स्मॉल व कॅरियन ह्यांनी सिलिकोनच्या साध्या जोडकांड्या आणल्या. 1980 च्या सुमारास जर्मनीच्या योनास ह्यांनी सिलिकोनच्या आत चांदीच्या तारांचा पीळ घातला. वाकवावे तशी ती कांडी राहू लागली.

सुईची कथा ह्याहून नाट्यमय आहे. 1889 साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार ह्या बहात्तर वर्षांच्या पंडिताने प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्य परत आल्याचे विद्वत्सभेत सांगितले. तो भ्रम होता. आज लॉजच्या खोलीत जे विकले जाते ते त्याच भ्रमाचे खापरपणतू. खरी सुई सापडली ती चुकीने. 1980 साली पॅरिसचेच शल्यविशारद रोनाल्ड विराग एका शस्त्रक्रियेत असताना पापाव्हेरिन हे औषध भलत्या रोहिणीत गेले, आणि भूल दिलेल्या रोग्याच्या ठिकाणी जे घडले ते सर्वांनी पाहिले. 1982 साली त्यांनी ते 'लॅन्सेट'मध्ये छापले. पापाव्हेरिन अफूच्या बोंडातले, पण कैफ न आणणारे. 1848 सालापासून रसायनशास्त्राला माहीत असलेले. पुढच्याच वर्षी, 1983 साली, लास व्हेगासच्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या परिषदेत ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली ह्यांनी व्याख्यानापूर्वी स्वतःलाच इंजेक्शन घेतले आणि विद्वत्सभेसमोर त्याचा पुरावाही ठेवला. सभेत स्त्रिया बसल्या होत्या. प्रसंग हसण्यासाठी सांगितला जातो. मला त्यात हसू येत नाही. कणा मोडलेल्या माणसांच्या मूत्राशयावर ज्याने वर्षे घालवली, त्याला लाजेपेक्षा पुरावा महत्त्वाचा वाटला, एवढेच. मनाचा वा वासनेचा काहीएक संबंध नसताना केवळ औषधाने हे घडते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. पुढे फेन्टोलामिन व प्रोस्टाग्लांडिन ही औषधे त्यात मिसळली.

मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी ह्यांनी लैंगिक रोगचिकित्सेला वैद्यकीय शिक्षणात जागा मिळवून दिली. 1985 ची जागतिक परिषद दिल्लीत भरली ती त्यांच्याच पुढाकाराने. आणि मुंबईचेच डॉ. रूपिन शाह ह्यांनी परदेशी शलाकेची किंमत ऐकून परत जाणाऱ्या रोग्यांसाठी देशी शलाका घडवली. ती सिलिकोनची, आणि बाहेरची आवरणे काढून तिची जाडी कमी करता येईल अशी. एकाच जोडीत अनेक मापे! शल्यकर्मात काटकसर ही देखील एक कल्पकताच आहे.

तर निवड कशी करावी? पाठ्यपुस्तके एक पायरी सांगतात : आधी गोळी, मग सुई, शेवटी शलाका. ही पायरी परतीच्या सोयीवर रचलेली आहे. सुई सोडून देता येते. शलाका बसवताना आतला स्पंज कायमचा मोडतो, आणि पुढे ती काढावी लागली तर गोळी आणि सुई दोन्ही व्यर्थ. त्यातून मधुमेह्याची साखर आवरलेली नसेल तर पू होण्याचे भय अधिक. तर्क बिनतोड आहे. पण तो जेथे लिहिला गेला तेथे रात्री दोन वाजता मोटार मिळते.

आंजीचा एक शेतकरी कल्पनेत आणा. कादंबरीकाराला तेवढी मुभा असावी. विहिरीत पडून कणा दुखावलेला, लग्नाला चार वर्षे झालेली. अशा माणसाला औषध थोडेच पुरते, आणि मात्रा किंचित चुकली तरी अवयव तासन् तास तसाच राहतो. चार तास झाले की रक्त आत कुजू लागते. सुईने ते ओढून घेऊन उलट औषध द्यावे लागते, नाहीतर तोच स्पंज कायमचा निकामी होतो. शेवटची एस.टी. तर केव्हाच गेलेली असते. शेजाऱ्याची गाडी मागायची, तर कारण काय सांगायचे? तो उजाडण्याची वाट पाहील, हे मी पैजेवर सांगतो. शिवाय प्रोस्टाग्लांडिनची कुपी थंडाव्यात ठेवावी लागते. सामायिक घरात शीतपेटी असली तर ती आईच्या ताब्यात असते, आणि कुपी कशाची हे ती विचारणारच.

म्हणून येथे पायरी उलटते की काय, असा मला प्रश्न पडतो. शलाकेला एकदाच नागपूर-मुंबई करावी लागते, एकदाच कर्ज, एकदाच खोटे कारण. पुन्हा सुई नाही, कुपी नाही. मात्र वाकणारी शलाका सदैव ताठच असते. ती खाली वळवून ठेवावी लागते, आणि ज्याला लंगोट लावून विहिरीवर अंघोळ करायची आहे त्याने हे आधी ऐकलेले बरे. फुगणारी शलाका लपते. पण तिची किंमत लपत नाही. संवेदना दोहोंतही राहते, वासना वाढत नाही, आणि अपत्य होण्या-न होण्याशी शलाकेचा संबंध नाही. तो प्रश्न निराळ्या तपासणीचा आहे. हे शेवटचे वाक्य पत्नीसमोर सांगितले गेले पाहिजे. पुष्कळदा तिला 'हर्नियाचे ऑपरेशन' एवढेच सांगतात.

माझे मत विचाराल तर सुई आधी, पण दवाखान्यात, डॉक्टरच्या हाताने, मात्रा ठरेपर्यंत दोनतीनदा. आणि रात्री जावयाचे ठिकाण, वाहन व सोबतीला एक माणूस ठरल्याशिवाय ती घरी नेऊ नये. असा एक माणूस ज्याला नाही त्याने शलाकेचा विचार लवकर करावा. हे वैद्यकाच्या पुस्तकात नाही. पण ती पुस्तके रोगी एकटा आहे की नाही हे विचारत नाहीत.

सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय 1969 साली निघाले, आणि त्याचे कस्तुरबा ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आंजीलाच आहे. शिकाऊ डॉक्टर येथे घरोघर जातात. बाळंतिणी, कुपोषण, रक्तदाब, साखर विचारतात. साखर निघालेल्या माणसाला पायाची बोटे दाखवायला सांगतात, डोळे तपासून घ्यायला सांगतात. पुढचा प्रश्न विचारायचा तर ओसरीवर बाप बसलेला असतो आणि दारात सून. केसपेपरच्या खिडकीपाशी रांग असते. आतून आवाज येतो, 'काय होते?' आणि रांगेतला मनुष्य, मागच्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने, म्हणतो, 'कमजोरी आहे, साहेब.' कागदावर तेवढेच उतरते. त्या एका शब्दावर रक्ताच्या गोळ्या मिळतात. तो त्या घेतो आणि आर्वीच्या रस्त्यावरच्या एस.टी.ला उभा राहतो. समोर भिंत असतेच.