आजीचा बटवा आणि नखांची साक्ष

स्मरणिकेसाठी घरगुती औषधांवर चार शब्द लिहावेत, असा मंडळाच्या भगिनींचा आग्रह झाला. सुंठ-ओव्याचे काढे मी नव्याने काय सांगावेत? देवगावात ते घरोघरी ठाऊक आहेत. म्हणून बटव्याच्या जोडीने चालत आलेल्या एका जुन्या विद्येचा इतिहास सांगते. ती विद्या म्हणजे नखे पाहणे.

माझ्या आजीचा बटवा साधाच होता. सुंठ, वेखंड, ओवा, जायफळ, हिरडा, मुरडशेंग, ज्येष्ठमध. पोट दुखले की ओवा, मुरडा झाला की मुरडशेंग, खोकला झाला की ज्येष्ठमध. पण बटवा उघडण्यापूर्वी ती आमचा हात उजेडात धरी आणि नखे दाबून पाही. नखावर पांढरा ठिपका दिसला की नवे कपडे मिळणार, असे आम्हा मुलांना वाटे. तो ठिपका बहुधा नखाला लागलेल्या बारीक माराचा असतो, हे मागाहून कळले.

ही विद्या फार पुरातन आहे. रोग्याची नखे रक्तहीन होऊन पिकल्या जांभळाच्या रंगाची झाली तर तो वाचत नाही, अशा आशयाचे वचन चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात आहे. नखे निळी पडणे ही रक्तातील प्राणवायू घटल्याची खूण आहे, असे आजचे डॉक्टरही सांगतात. १८४६ साली बो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिले, की मोठ्या दुखण्यानंतर नखांवर आडवी खाच उमटते. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते; म्हणून खाच किती पुढे सरकली यावरून दुखणे केव्हा झाले, तेही सांगता येते.

परंतु आम्हा बायकांच्या जिव्हाळ्याची खूण निराळीच आहे. ती म्हणजे पांढरेफटक नख. शरीरातील लोह फार दिवस कमी राहिले, तर नख पातळ व ठिसूळ होते, आणि पुढे चमच्यासारखे खोलगट होते. त्यावर ठेवलेला पाण्याचा थेंब ओघळत नाही.

साऱ्या घराची नखे पाहणाऱ्या आजीची नखे मात्र कोणी पाहिली नाहीत. ती सर्वांच्या मागून जेवी. उरेल ते तिचे. आडावरून घागर आणताना ती दोनदा टेके, आणि आम्ही म्हणत असू, 'वय झाले.' स्वतःसाठी तिने सुंठीच्या काढ्यापलीकडे काही केले नाही. एकदा ती घेरी येऊन पडली, तेव्हा डॉक्टरांनी तिचा हात उजेडात धरला. नखे खोलगट झाली होती. औषधाने ती सुधारली आणि सहा महिन्यांनी नवी, गुलाबी नखे आली. पण मधली कित्येक वर्षे तिने धापा टाकीत काढली, ती परत आली नाहीत.

या दुखण्याच्या इतिहासात आपल्या महाराष्ट्राचे एक पान आहे. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईस आल्या. गरीब गिरणी-कामगार स्त्रियांना गरोदरपणी जीवघेणा पांडुरोग होत असे. त्याचे कारण त्या परळच्या हाफकिन संस्थेत शोधू लागल्या. त्यांनी या बायका काय खातात ते पाहिले. यीस्टपासून काढलेला 'मार्माइट' नावाचा स्वस्त अर्क दिल्यावर रोगी बऱ्या होतात, असे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी द्रव्य पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले. तेच फॉलिक आम्ल. गरोदर स्त्रियांना लोहासह फॉलिक आम्लाची गोळी देण्याची देशव्यापी योजना १९७० साली सुरू झाली. त्या गोळीत मुंबईच्या कामकरी बायकांचे दुखणे आणि एका बाईचे निरीक्षण, दोन्ही आहेत.

मग बटवा टाकून द्यावा काय? मुळीच नाही. बाळंतिणीचा अहळिवाचा लाडू, बाजरीची भाकरी, तांदुळजाची भाजी, लोखंडी कढई आणि वर पिळलेले लिंबू, यांचा उपयोग शास्त्रालाही मान्य आहे. मात्र जेवणावर लगेच चहा घेतल्यास अन्नातील लोह अंगी कमी लागते. जुने ते सारेच सोने, असेही नाही. गिरण्यांच्या वस्तीत तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन निजवीत, तोही घरगुती उपायच होता!

नखही एकटे पुरेसे नाही. आपल्या गावाच्या नावातच रंगारी आहे. रंगलेले नख काही सांगत नाही, हे आपणास वेगळे सांगायला नको. मेंदी असो वा नखपॉलिश, खूण झाकली जाते. शंका आली की रक्त तपासावे. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा आणि गरोदर स्त्रीचे ११ पेक्षा कमी असू नये.

२०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे मंडळाच्या सतरंजीवर बसलेल्या दोघींपैकी एक तशी असू शकेल. तेव्हा भगिनींनो, हळदीकुंकवाला शेजारणीचा हात हाती घ्याल, तेव्हा क्षणभर तिची नखेही पाहा. आणि आपला हात तिच्यापुढे करा.