प्लास्टर निघालं, आता खेळू का?

हात टेकून पडलेला खेळाडू प्लास्टर कापताक्षणी हेच विचारतो. या प्रश्नाचं उत्तर शोधायला डॉक्टरांना दीडशेहून अधिक वर्षं लागली.

१८१४ साली डब्लिनचे सर्जन अब्राहम कोलीस यांनी मनगटाजवळ रेडियस हाड कसं मोडतं, ते लिहून ठेवलं. एक्स-रे यायला अजून ८१ वर्षं होती! तोवर अशी दुखापत बऱ्याचदा सांधा निखळला म्हणून गणली जाई. कोलीस यांचं म्हणणं असं, की हात वाकडा राहिला तरी कालांतराने दुखणं थांबतं आणि हालचाल परत येते. रोजच्या कामापुरतं हे पुष्कळांच्या बाबतीत खरंही आहे. बॅट धरणाऱ्या हाताला मात्र तेवढं पुरत नाही.

१८५२ मध्ये मॅथायसेन या डच लष्करी डॉक्टरांनी प्लास्टरची पट्टी आणली. हाड जागेवर राहू लागलं, पण सांधे आखडू लागले. मग वाद पेटला. इंग्लंडचे ह्यू ओवेन थॉमस म्हणत, भरपूर आणि अखंड विश्रांती द्या. पॅरिसचे ल्यूका-शांपिओनिएर म्हणत, मालिश करा, हलवा. माझ्या मते दोघेही अर्धे बरोबर होते. व्हिएन्नाच्या लोरेन्झ बोलर यांनी मेळ घातला: मोडलेली जागा पक्की बांधायची, बाकीचे सगळे सांधे पहिल्या दिवसापासून हलवायचे. म्हणूनच आम्ही प्लास्टरमधून बोटं मोकळी ठेवतो. ती गळ्यातल्या झोळीत नुसती लटकवून ठेवू नका. मूठ उघडा-मिटा, कोपर आणि खांदाही हलवा.

खेळाडूंना खरा दगा देतं ते स्कॅफॉइड. अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा असतो (पूर्वी युरोपात तपकीर ओढणारे तिथे चिमूट ठेवत), त्याच्या तळाशी हे छोटं हाड असतं. त्याचा रक्तपुरवठा मुख्यतः बोटांकडच्या बाजूने आत शिरतो. त्यामुळे मधोमध मोडलं की मागचा तुकडा उपाशी राहतो. पहिल्या एक्स-रेमध्ये ते कधीकधी दिसतही नाही. "मुरगळलंय" म्हणून पट्टी बांधून खेळत राहिलेली मुलं कित्येक महिन्यांनी आमच्याकडे येतात, तेव्हा ते जुळलेलंच नसतं. १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या टिमथी हर्बर्ट यांनी बिनडोक्याचा स्क्रू मांडला. दोन्ही टोकांना आटे, पण त्यांचं अंतर वेगळं, त्यामुळे फिरवताना तुकडे एकमेकांवर दाबले जातात. रेडियससाठी लॉकिंग प्लेट आल्यावर मनगट लवकर हलवता येऊ लागलं.

प्लेट असो वा प्लास्टर, क्रम तोच. आधी मनगट वर-खाली, मग तळहात उलटा-सुलटा, मग पकड. पकड दुसऱ्या हाताच्या जवळपास आली, दाबून दुखत नाही आणि हाड जुळल्याचं फोटोत दिसतंय, की टेनिस बॉलने सुरुवात करा. कबड्डीची पकड, विकेटकीपिंग आणि हातावर पडून केलेली फील्डिंग सगळ्यात शेवटी.